मांडवातले चायनीज

अलीकडे आपल्याकडच्या मंगल परिणयाला किंवा नामकरणाला गेले की एक गोष्ट हमखास दिसते. वरण-भात, पुरी-भाजी, जिलेबी यांची रांग संपते तिथे एक वेगळे टेबल मांडलेले असते. मागे मोठा बर्नर, त्यावर काळीभोर कढई, कढईखाली भुरभुरणारी ज्वाळा आणि पुढे कापडी फलकावर लाल अक्षरांत ‘चायनीज’. कुठे ‘मंचुरियन’ लिहिलेले असते, कुठे ‘मन्चुरन’. कुठे ‘शेजवान’, तर कुठे ‘सेजवान’. शुद्धलेखनाचे सोडा, गर्दी तिथेच असते. वधूवरांना शुभेच्छा द्यायची रांग एकवेळ मोडेल, पण ही मोडायची नाही. लहान मुले तर त्रिसरण-पंचशील होईपर्यंत कशीबशी बसतात. नजर त्या कढईवरच असते.

परवा अशाच एका रिसेप्शनला आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. नातवाने आणून दिलेल्या प्लेटमधले नूडल्स चमच्याने उलटसुलट करीत त्यांनी आम्हाला विचारले, “काय हो, चीनमधली माणसं रोज हेच खातात का?” प्रश्न आम्हाला आवडला. आपण एवढ्या आवडीने जे खातो ते आले कुठून, हे आपण सहसा विचारत नाही. म्हणून आजच्या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचे योजिले आहे.

चीनमधली माणसे हे खात नाहीत. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा अतिशय थंड प्रदेश आहे. तिथे जाऊन तुम्ही मंचुरियन मागितलेत तर कोणालाही काही कळणार नाही. हा पदार्थ आपल्या मुंबईचा आहे. कोलकात्यात वाढलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग १९७० च्या दशकात मुंबईत आले. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये काम करीत असताना यादीत नसलेले काहीतरी नवे द्या अशी मागणी झाली आणि त्यांनी चिकन मंचुरियन केले. करण्याची रीत ते स्वतः सांगत आले आहेत. आले, लसूण, हिरवी मिरची ही सुरुवात तर आपल्या कोणत्याही रश्शाचीच. मात्र पुढे गरम मसाला पडायचा तिथे त्यांनी सोया सॉस घातला, आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर. म्हणजे कोंबडीचा रस्साच, फक्त वाट बदललेली. पुढे शाकाहारी गिऱ्हाइकासाठी कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, कोबी-गाजराचे गोळे आले, पनीर आले. गाडीवाल्यांनी त्याच्या पुढची मजल मारली. चायनीज भेळ आणि ट्रिपल राईस हे प्रकार तर चीनच्या स्वप्नातही कधी आले नसतील.

शेजवानची कथाही अशीच. चीनच्या नैर्ऋत्येला सिचुआन नावाचा मोठा प्रांत आहे, त्यावरून हे नाव पडले. मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९७३ साली ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झाले आणि सिचुआनी पद्धतीचे जेवण आपल्याकडच्या श्रीमंतांना माहीत झाले. तिथून ते उतरत उतरत नाक्यावरच्या गाडीपर्यंत आले, पण येताना एक महत्त्वाची चीज वाटेत गळाली. सिचुआनी स्वयंपाकाचा प्राण म्हणजे जीभ बधिर करणारे एक प्रकारचे मिरे. आपल्या शेजवान चटणीत लाल मिरची आणि लसूण भरपूर असतो, हे मिरे नसतात. गंमत अशी की या मिऱ्यांची सख्खी चुलत बहीण आपल्या कोकणात आणि गोव्यात झाडाला लागते. बांगड्याच्या आमटीत टाकतात ते तिरफळ! दोन्ही झाडे एकाच कुळातली. तेव्हा जिभेला मुंग्या आणणारी ती मूळ चव कोणाला पाहायची असेल, तर महागड्या हॉटेलपेक्षा मालवणी शेजारणीकडे जावे.

आता ‘हक्का नूडल्स’ या नावाकडे वळू. इथे थोडे थांबायला हवे, कारण हे नाव एखाद्या गावाचे नाही, एका समाजाचे आहे. हक्का या शब्दाचा अर्थ ‘पाहुणी घराणी’. या लोकांचे पूर्वज फार पूर्वी उत्तर चीनमधून दक्षिणेकडे सरकत आले. तोवर तिथली चांगली जमीन आधीच्या लोकांच्या ताब्यात गेली होती. यांच्या वाट्याला डोंगरउताराची, निकस जमीन आली आणि कित्येक पिढ्या तिथे राहूनही नाव ‘पाहुणे’ हेच राहिले. एकोणिसाव्या शतकात तर जमिनीवरून त्यांच्यात आणि स्थानिकांत वर्षानुवर्षे रक्तपात झाला. आपल्याच देशात परके ठरण्याचा अनुभव काय असतो, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

भारतात चिनी माणसांची पहिली वस्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळ झाली. वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन एका चिनी व्यापाऱ्याने उसाचा मळा आणि साखरेचा कारखाना काढला. लोक त्याला अच्यू म्हणत, म्हणून गावाचे नाव अचिपूर. त्याची कबर तिथे आहे आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्याचे चिनी लोक आजही तिथे जातात. पुढे कँटनकडचे सुतार आले, दातांचे डॉक्टर आले आणि हक्का लोक आले. हक्कांनी दोन धंदे धरले, बूट-चपला करण्याचा आणि कातडी कमावण्याचा. शहराच्या पूर्वेला टांगरा नावाच्या दलदलीच्या भागात त्यांनी चामड्याचे कारखाने उभे केले.

हाच धंदा का? उत्तर आपल्याला ठाऊक आहे. मेलेल्या जनावराच्या कातड्याला हात लावायचा नाही असे वरच्या म्हणवणाऱ्या जातींचे शास्त्र होते. त्यामुळे या धंद्यात पैसा असूनही त्यांच्यापैकी कोणी तिथे फिरकत नव्हते. बाहेरून आलेल्या, जातीच्या उतरंडीत कुठेच न बसणाऱ्या माणसाला ती जागा मोकळी सापडली. कारखान्याचे मालक हक्का, आणि कातडी भिजवणारे, खरवडणारे, वाळत घालणारे मजूर बरेचसे बिहारमधून आलेले चर्मकार. आपल्याकडे ज्या कामामुळे माणसाला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच कामावर तिकडे एका परक्या समाजाने पोट भरले, मुले शिकवली, शाळा बांधली. वास मात्र त्यांच्याही अंगाला चिकटलेला. टांगऱ्याला नाक दाबून जायचे अशी कोलकात्यातली रीत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे हे कारखाने शहराबाहेर बानतला येथे हलवण्याचा आदेश दिला. काहींनी तिकडे जागा घेतल्या, काहींनी धंदाच सोडला. अनेक घरांनी कारखान्याच्या त्याच इमारतीत टेबल-खुर्च्या मांडल्या आणि उपाहारगृह सुरू केले. जिथे पूर्वी नाक दाबून जात, तिथे आता जेवायला रांगा लागतात.

पण त्याच्या आधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९६२ साली चीनशी युद्ध झाले. त्यानंतर आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिंपाँग या भागांतून सुमारे ३००० चिनी वंशाच्या माणसांना पोलिसांनी घरातून उचलले. त्यांत म्हातारी माणसे होती, तान्ही मुले होती, इथेच जन्मलेले आणि चीन कधी डोळ्यांनी न पाहिलेले लोक होते. कोणावर खटला नाही, आरोपपत्र नाही. त्यांना आगगाडीत बसवून कित्येक दिवसांच्या प्रवासाने राजस्थानात देवली येथे नेले. इंग्रजांच्या काळात जयप्रकाश नारायणांसारख्यांना जिथे डांबले होते, तोच हा तळ. काही कुटुंबे तिथे १९६७ पर्यंत होती. सुटून आलेल्यांपैकी अनेकांची घरे, दुकाने गेलेली होती. काहींच्या मालमत्तेचा लिलाव झाला होता. ज्यांना नेले नाही, त्यांनाही पोलीस ठाण्यावर हजेरी द्यावी लागे. त्या तळावरच जन्मलेल्या जॉय मा आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांनी २०२० साली ‘द देवलीवालाज’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्यात या लोकांच्या तोंडूनच ही हकीगत आली आहे. ज्यांच्या घरात तरुण मुले इंग्रजी वाचतात त्यांनी ते जरूर मिळवावे. या प्रकरणानंतर हजारो लोक कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेले. कोलकात्यात आता मूठभर उरले आहेत. माणसे गेली, पदार्थ मात्र राहिले आणि देशभर पसरले. ‘हक्का’ हा शब्द आज प्रत्येक नाक्यावर रंगवलेला असतो, पण हक्का कोण हे रंगवणाऱ्यालाही माहीत नसते.

मुंबईतही चिनी वस्ती होती. माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळच १९१९ च्या सुमाराचे एक लहानसे चिनी मंदिर आहे. बोटीवर काम करणाऱ्या चिनी खलाशांची ती आठवण. तिथे क्वान यिन यांची मूर्ती आहे. क्वान यिन म्हणजे आपल्या अजिंठ्याच्या भिंतीवरचे अवलोकितेश्वर. इथून निघून चीनला गेले, तिकडे त्यांचे रूप स्त्रीचे झाले आणि खलाशांबरोबर बोटीत बसून ते परत मुंबईला आले. चिनी नववर्षाला तिथे शहरातली उरलीसुरली चिनी कुटुंबे जमतात.

जाता जाता दुसऱ्या एका जेवणाबद्दल. आपल्या समाजातून दरवर्षी कितीतरी यात्रा बोधगयेला जातात. बशीबरोबर आचारी, शेगडी, पोह्यांचे पोते, लोणच्याची बरणी सगळे जाते आणि बोधगयेतही आपण कांदेपोहे आणि वरणभात खाऊन परततो. खर्चाच्या दृष्टीने ते ठीकच आहे. पण हिवाळ्यात तिथे तिबेटी लोकांची तंबूतली हॉटेले लागतात. एका संध्याकाळी तिथे बसून थेंथुक मागवून पाहावे. कणकेच्या लाट्या हाताने तोडून रश्शात सोडलेल्या असतात. आपल्या आयाबाया वरणफळे करतात ना, त्याचाच हा हिमालयातला भाऊ. १९५९ नंतर घरदार सोडून आलेल्या माणसांनी हे पदार्थ सोबत आणले. मोमोही त्यांच्याबरोबरच आपल्याकडे इतके पसरले.

आता हॉटेलात जाण्याविषयी. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात, जातीच्या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येथे अटकाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. उपाहारगृह हा शब्द घटनेत घालावा लागला, यावरूनच आधी काय परिस्थिती होती ते ओळखावे. हॉटेलबाहेर खुंटीला अडकवलेली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली, त्यातून चहा प्याला, ती माणसे आजही आपल्या घरांत आहेत. आमच्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी जण शहरात तीस-तीस वर्षे काढूनही हॉटेलात दाराजवळचेच टेबल धरत आणि पहिल्यांदा मिळेल ते खाऊन उठत. त्यामुळे पगाराच्या दिवशी मुलगा-सून जेव्हा म्हाताऱ्या आईला वातानुकूलित चायनीज हॉटेलात नेतात, तेव्हा त्या माउलीच्या मनात काय चालते याचा त्यांनी विचार करावा. काचेच्या दाराशी ती घुटमळते, चप्पल काढू की नको असे विचारते, यादीतला एकही शब्द तिला लागत नाही, आणि ‘मला भूक नाही, तुम्ही खा’ म्हणून ती मोकळी होते. अशा वेळी मुलांनी हसू नये. तिला दाराजवळ नव्हे, मधल्या टेबलाशी बसवावे आणि पदार्थात काय काय आहे ते मराठीत सांगावे. वेटरला विचारण्यात कमीपणा नाही. पैसे आपण देतो, विचारण्याचा हक्क आपला आहे.

काड्यांनी खाण्याचा अट्टहास कोणी करू नये. चिनी घरात पदार्थांच्या बशा मध्ये ठेवतात, प्रत्येकापुढे भाताचा वाडगा असतो आणि सगळे एकाच बशीतून घेत जेवतात. या जेवणाचा शिष्टाचार म्हणाल तर एवढाच, वाटून खावे. म्हणून माणशी एक प्लेट मागवू नये. चौघांना दोन सूप ‘वन बाय टू’, एक भात, एक नूडल्स आणि एक रश्श्याचा पदार्थ पुष्कळ होतो. उरले तर निःसंकोच बांधून घ्यावे. वयस्कर माणसांसाठी शेजवान मागवू नये, पोट पेटते. त्यांना साधा वाफेचा भात आणि आले-लसणाची सौम्य भाजी चांगली.

प्रकृतीविषयी दोन शब्द. लोक अजिनोमोटोला फार भितात. ते एका जपानी कंपनीचे नाव. १९०८ साली किकुनाए इकेडा या जपानी प्राध्यापकांनी समुद्री शेवाळातून ती चव वेगळी काढली. १९६८ साली अमेरिकेत एका डॉक्टरांचे पत्र छापून आले आणि त्यावरून चिनी जेवण खाल्ले की त्रास होतो अशी हाकाटी जगभर झाली. पुढच्या चाचण्यांत मात्र, जेवणात असते तेवढ्या प्रमाणात, ती सिद्ध झाली नाही. खरी भीती बाळगायची ती मिठाची. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे दोन ग्रॅमहून थोडे अधिक मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहावे. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी ‘सॉस कमी’ असे आधीच सांगावे. दुसरी भीती रंगाची. गाडीवरचा कोबी-फ्लॉवर कुंकवासारखा लाल दिसला तर समजावे की तो मिरचीचा रंग नव्हे. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यावर बंदी आणली. गोव्यात म्हापशाच्या जत्रेत तर नगरपालिकेने त्याच सुमारास गोबी मंचुरियनच्या गाड्यांनाच मनाई केली. कार्याचे जेवण ठरवताना आपणही कंत्राटदाराला ‘रंग घालायचा नाही’ असे बजावून सांगावे. त्याने दर वाढत नाही.

आणि शेवटची गोष्ट त्या कढईमागच्या मुलाची. तो बहुधा नेपाळ, दार्जिलिंग किंवा ईशान्येकडचा असतो. सहा-सात तास आगीपुढे उभा असतो. त्याला आपली मुले, आणि दुःखाने सांगावे लागते, काही मोठी माणसेही, ‘ए चिंकी’ म्हणून हाक मारतात. २०२० च्या साथीच्या काळात तर यापेक्षाही वाईट शब्द ऐकू आले. ईशान्येकडच्या लोकांना उद्देशून हा शब्द वापरल्यास अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होऊ शकते, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ साली राज्यांना कळवले होते. आपल्या संरक्षणासाठी झालेला कायदा त्याच्याही पाठीशी आहे. शाळेत, पाणवठ्यावर, कचेरीत आपल्याला कोणत्या नावांनी हाका मारल्या गेल्या हे ज्या घरांत अजून आठवते, त्या घरच्या कार्यात हा शब्द ऐकू येणे आम्हाला तरी सहन होत नाही. मुलांना तिथल्या तिथे थांबवावे. त्या रिसेप्शनमध्ये आम्ही त्या मुलाला, “दादा, तुमचे जेवण झाले का?” असे विचारले. तो कालिंपाँगकडचा निघाला. म्हणाला, “सब का होने के बाद.” आणि काय खाणार विचारले तर नूडल्स नव्हे, तिकडे उरलेला वरणभात. यजमानांना सांगून आम्ही त्याचे ताट आधी वाढून ठेवायला लावले. आपल्याकडच्या कार्यात वाढपी, आचारी, मांडववाले यांची ताटे आधीच बाजूला काढून ठेवण्याची पद्धत पडली तर बरे होईल.

घरी करून पाहणाऱ्या भगिनींसाठी एवढेच, की फ्राईड राईस म्हणजे फोडणीचा भातच. शिळ्या भाताचा होतो, ताज्याचा गोळा होतो. रात्रीचा भात झाकून फ्रीजमध्ये ठेवावा, सकाळी हाताने मोकळा करावा. लोखंडी कढई चांगली धूर येईपर्यंत तापवावी, तेल, ठेचलेला लसूण, मग बारीक चिरलेली गाजर-फरसबी, वाटल्यास एक अंडे फोडून. भाज्या करकरीत असतानाच भात घालावा आणि आच मोठीच ठेवावी. सोया सॉस चार माणसांच्या भाताला दोन लहान चमचे पुरतो, तो कढईच्या कडेने सोडावा. मीठ चव पाहूनच घालावे. कांद्याची पात गॅस बंद केल्यावर.